लांब बिटाची धार

कातारीकाकांच्या धारेला तोड नाही, असं सगळा बाजार म्हणायचा आणि काकांनाही ते मनापासून पटलेलं होतं. लाकूड कातायच्या लेथसमोर ते उभे राहिले की पडदा वर गेल्यासारखं वाटे. पेनस्टँडला सपाट तळ हवा, तर भोक पाडायला रुंद तोंडाचा बिट. लॅम्पच्या दांड्यातून वायर न्यायची, तर हातभर लांब बिट. मग ग्राइंडरवर चार ठिणग्या, अंगठ्याने चाचपणी आणि ठसक्यात "झालं."

काकू नात बघायला मुलीकडे गेल्या, तेव्हा काकांकडे डॉक्टरीणबाईंचं काम होतं. त्यांच्या वडिलांच्या पलंगाचे उरलेले दोन जुने सागवानी पाय. त्यांतून लॅम्पची जोडी करायची. तिसरा तुकडा कुठेच मिळणार नव्हता.

पहिला पाय देखणा कातला गेला. लांब बिटाला धार लावून काकांनी तो एका टोकातून आत सारला. जरा धूर निघाला. काकांनी जोर वाढवला, आणि दांड्याच्या मधोमध, गुळगुळीत केलेल्या पोटातून, बिटाचं टोक बाहेर आलं.

काकांनी लेथ बंद केलं. मग काकूंना फोन लावला.

"बिट मधूनच बाहेर आला. लाकडातच गाठ असणार," ते म्हणाले.

"धूर आला होता?"

"जरासा."

"ढलप्या दोन्ही बाजूंनी येत होत्या, की एकीकडूनच?"

काका स्टुलावर टेकले. ही बाई कारखान्यात फक्त चहा घेऊन येते, अशी त्यांची समजूत होती. "तुला काय माहीत ढलप्यांचं?"

"अहो, दुपारी तुमचा डोळा लागला की मी बिटांची धार ग्राइंडरवर एकदा सारखी करून ठेवते ना. तुमच्या हातून एक कड लांब होते, मग बिट तिरका जातो."

"कधीपासून?"

"आत्ताच्या चष्म्याच्या आधीचा चष्मा होता ना, तेव्हापासून."

इतकी वर्षं विंगेतून कुणीतरी वाक्य पुरवत होतं आणि टाळ्या मात्र ते घेत होते. त्यांनी बिट उजेडात धरला. एक कड आखूड, एक लांब. आता सांगितल्यावर स्पष्ट दिसत होतं. अंगठ्याने बेधडक खोटं सांगितलं होतं.

"डॉक्टरीणबाईंना सांगितलंत?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"सांगा. आणि दुसऱ्या पायाला हात लावू नका."

डॉक्टरीणबाईंनी भोकात बोट घालून पाहिलं. "बाबांच्या उशाकडचा पाय," एवढंच म्हणाल्या. मग विचारलं, "दुसरा तरी नीट होईल ना?"

"आमच्या हिला परत येऊ द्या, धार तीच लावेल," काका म्हणाले.

बाईंना ती थट्टा वाटली. काका हसले नाहीत.

काकू परतल्या, तेव्हा ग्राइंडरसमोर स्टूल मांडलेलं होतं आणि त्यावर उशी होती. काकांनी लांब बिट दोन्ही हातांनी पुढे केला आणि डोळ्यांवरचा चष्माही काढून दिला.

"हा नको," काकू बसत म्हणाल्या. "माझा पर्समध्ये आहे. आणि झोपायला जाऊ नका आता. इथे उभं राहून बघा."