बहिणीला बंदी, जगाला मुभा

ऑफिसात तिला सगळे कुलूपताई म्हणत, कारण लोकांच्या संदेशांना गणिताची कुलपं लावण्यात तिची हयात गेली होती. स्वतःच्या पोटात मात्र तिच्या काही राहायचं नाही. परदेशी असलेल्या धाकट्या बहिणीला रोज काहीतरी कळवायचं, आणि विषय बहुधा एकच, वहिनी. अडचण एवढीच की वहिनी त्याच घरात, आणि दुसऱ्याचा फोन चाळण्यात तिला काडीचा संकोच नाही.

निवृत्त झाल्यावर ताईने दोघी बहिणींपुरता एक प्रोग्राम लिहिला. पासवर्ड नसेल त्याला नुसता अक्षरांचा लगदा दिसायचा. प्रोग्राम बहिणीला पाठवण्याआधी, जुन्या सवयीने, ती निर्यात परवान्याच्या कचेरीत विचारायला गेली.

"बाई, असलं सॉफ्टवेअर आमच्या लेखी दारूगोळ्याच्या शेजारचं," साहेब म्हणाले. "परवान्याशिवाय सीमेपार जायचं नाही."

"अहो, सख्खी बहीण आहे माझी!"

"बहीण सख्खी, देश परका."

ताईचा चेहरा पडलेला पाहून साहेब पुढे झुकले. "असं करा, सगळा कोड इंटरनेटवर टाका. फुकट, कुणीही घ्यावा असा. ओपन सोर्सला सूट आहे. कुठे टाकलात तेवढं ईमेलने कळवा."

"म्हणजे एकट्या बहिणीला दिला तर गुन्हा, आणि अख्ख्या जगाला वाटला तर चालेल?"

"नियम काय मी केलाय?"

ताईने घरी येऊन कोड जगापुढे मांडला. बहिणीने उतरवून घेतला आणि दोघींच्या गप्पांना ऊत आला. मग अनोळखी माणसंही दुरुस्त्या सुचवू लागली. एकाने लिहिलं, "कोड झकास! पण तुमच्या वहिनी खरंच इतका पाणचट चहा करतात?"

ताईने घाईघाईने कोड उघडून पाहिला. कुलूप तपासायला लिहिलेली नमुन्याची वाक्यं कोडमधून काढायचीच राहिली होती! चहा, घोरणं, कंजूषपणा, सगळं जगजाहीर.

"वन्सं," मागून आवाज आला. वहिनी खांद्यावरून वाचत उभी होती.

"मलाही शिकवा हो हा प्रोग्राम," वहिनी शांतपणे म्हणाली. "माझ्या आईला तुमच्याबद्दल पुष्कळ कळवायचं राहिलंय."

ताईला हसू आवरेना. तिने खुर्ची सरकवून वहिनीला जागा दिली, सगळं समजावलं.

पासवर्डाची वेळ आली तशी वहिनी म्हणाली, "तोंड तिकडे करा बघू."

ताईने मुकाट्याने केलं.