बशीवरची फुंकर

समोर बसून हे बशीतून चहा पितायत आणि मी नुसती बघतेय. उजव्या हातात तो नवा राखाडी हातमोजा. बोटांवरच्या नळ्यांत हवा भरली की ह्यांची लुळी बोटं आपसूक मिटतात. कृत्रिम स्नायू म्हणे!

अर्धांगाचा झटका आल्यापासून बशी मीच धरायचे. डावा हात धडधाकट आहे, पण डाव्या हाताने तोंडाला काही लावायचं नाही, हा ह्यांचा हट्ट. त्यामुळे फुंकरही माझीच असायची.

आज ह्यांनी स्वतः फुंकर घातली. चार थेंब सदऱ्यावर सांडले. मी पदर पुढे केला, तर म्हणाले, "राहू दे गं, जमतंय मला."

जमतंय! आनंद झालाच की. पण घरात सवत यावी आणि तिच्याच हातचं ह्यांना गोड लागावं, तसं झालं मला. बरं वाटू दे म्हणून देवाला नवस मीच बोलले होते ना?

संध्याकाळी मोजा काढून चार्जिंगला लावला. ह्यांचा हात मी मांडीवर घेतला. थंडगार, निपचित, माझा. थोड्या वेळाने तिकडे हिरवा दिवा लागला.

"झालं का गं चार्जिंग?" ह्यांनी विचारलं.

"नाही अजून," मी म्हणाले.