कासवानंतरचा उसासा

सदर व्यक्ती शिक्षिका असून वय शेहेचाळीस, बांधा मध्यम, उजवा गुडघा नादुरुस्त. सदर शिक्षिका वाचन व साक्षरता-अध्यापन या विषयात पदव्युत्तर विशेष प्रावीण्य संपादन करीत असून, त्यांच्या हस्तक्षेपामुळे वाचनात मागे पडलेल्या विद्यार्थ्यांमध्ये लक्षणीय सुधारणा घडून आल्याचे निरीक्षणास आले आहे.

हे वर्णन कॉलेजच्या वार्षिक अहवालातलं. गुडघा तेवढा आपण घातला. अहवालांत गुडघे येत नाहीत.

शाळेत त्यांना वाचनबाई म्हणत आणि घरी सासूबाई कॉलेजकुमारी म्हणत. या दोन्ही पदव्या त्यांना परीक्षा न देता मिळाल्या होत्या. तिसरीसाठी मात्र तिसरं वर्ष चाललं होतं. आठवडाभर शाळा आणि रविवारी कॉलेज. तिथे वर्गात सगळ्या शिक्षिकाच. सगळ्यांना मागचा बाक हवा असे, आणि कुणाला डुलकी लागली की शेजारीण कोपराने ढोसे. मूल वाचायला शिकतं म्हणजे नेमकं काय होतं, डोळा ओळीवरून कसा उड्या मारत जातो, अक्षराला आवाज कसा चिकटतो, हे सगळं त्या तिथे शिकत. मूल अडखळलं तर शिकवणाऱ्याने किती वेळ गप्प बसावं यावर एक अख्खा पेपर होता. गप्प बसण्याचा अभ्यास बाईंचा सासरी आधीच झालेला. त्या पेपरात त्या पहिल्या आल्या.

आता राहिला होता एकच प्रकल्प. वाचता न येणारं एक मूल घ्यायचं, वर्षभर शिकवायचं आणि शेवटी ते वाचताना व्हिडिओ करून दाखवायचा. हेडमास्तरांनी शाळेतलं प्रयोगशाळेचं अडगळीचं सामान काढून एक खोली त्यासाठी दिली होती, पण मुदतीवर. "पदवी आणा, खोली तुमची," ते म्हणाले होते. "नाहीतर खेळाच्या सरांचा डोळा आहेच. आणि मग तुम्हाला पाचवीचा वर्ग परत घ्यावा लागेल." पाचवीचा वर्ग म्हणजे काय हे ज्यांनी तो घेतला आहे त्यांना सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून पटणार नाही.

बाईंनी शिंप्याची मुलगी निवडली. मुलगी तिसरीत होती, गोड होती, आणि पुस्तक समोर आलं की खिडकीकडे बघत असे. कासवाची गोष्ट घेतली. कासवाला तळ्याच्या पलीकडे जायचं असतं, एवढीच गोष्ट. शेवटी ते जातं. कॉलेजातल्या मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं, "उतारा बदलू नका हं. एकच ठेवा, तरच प्रगती मोजता येते. नाहीतर ते शास्त्रीय होत नाही." म्हणून रोज शाळा सुटल्यावर कासव. आधी बाई वाचत, मग मुलगी त्यांच्यामागून, मग दोघी एकदम. 'कासव हळूहळू चालू लागले' इथे पान संपे. बाई पान उलटायला पुढे वाकत, गुडघा कुरकुरे, आणि त्यांच्या तोंडून एक लांब उसासा निघे. हे वर्षभर.

वर्षाअखेर मुलगी एकही चूक न करता वाचू लागली. व्हिडिओ झाला. मार्गदर्शक मॅडमनी तो रविवारच्या सगळ्या वर्गाला दाखवला.

"आता हे बघा," मॅडम म्हणाल्या. "कासव हळूहळू चालू लागले, आणि इथे तिने कसा उसासा सोडला! कासवाचा थकवा तिच्यापर्यंत पोचलाय. याला म्हणतात अर्थपूर्ण वाचन."

वर्गातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरची एक जागी झाली आणि तिनेही वाजवल्या. बाई खूश झाल्या. थकल्या होत्या म्हणून थोड्याच खूश झाल्या.

दोन-चार दिवसांनी शिंपी शाळेत आला, गळ्यात मापाची टेप तशीच. हुशार मुलीच्या बापाने बसावं तसा तो खुर्चीत ऐसपैस बसला.

"बाई, तुम्ही कमाल केलीत. पोरगी आता घरीसुद्धा वाचते."

"पुस्तक तर इथेच असतं," बाई म्हणाल्या.

"तेच तर. तिला पुस्तक लागतच नाही आता. परवा दिवे गेले होते, तर अंधारात वाचून दाखवलं तिने. शेजारचे येऊन ऐकून गेले."

बाईंनी त्याचे आभार मानले आणि तो गेल्यावर व्हिडिओ लावला. या वेळी आवाज बंद करून. मुलीचं बोट ओळीवर होतं, पण ते आपल्या वाटेने चाललं होतं आणि ओठ त्यांच्या. पान उलटायच्या आधीच पुढच्या पानावरचा शब्द तिच्या ओठांवर येऊन गेला होता. मग मान पुढे झाली, खांदे पडले आणि तोंड किंचित उघडलं. तो उसासा बाईंनी ओळखला. मुलीने सगळं नीट पाठ केलं होतं, बाईंसकट.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. "हा कोणता?"

मुलीने शब्दाकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि मनातल्या मनात गोष्ट सुरुवातीपासून म्हणू लागली. ओठ भराभर हलत होते. त्या शब्दापाशी पोचून ती म्हणाली, "पलीकडे."

बरोबर होतं. बाईंनी त्याच शब्दाची चिठ्ठी करून वेगळी समोर ठेवली. मुलगी खिडकीकडे बघू लागली.

मार्गदर्शक मॅडमना त्यांनी फोन केला. "मॅडम, मुलीला वाचता येत नाही."

"असं कसं? व्हिडिओत तर येतंय."

"तिला पाठ आहे."

"मग तसं लिहा ना. पाठांतर ही वाचनपूर्व अवस्थाच असते. पुस्तकात आहे ते."

पुस्तकात होतं, आणि खोटंही नव्हतं. एवढं एक वाक्य घातलं की पदवी हातात, खोली नावावर, रविवार मोकळे. बाईंनी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

"अगं मग लिहून टाक की," नवरा म्हणाला. "कोण बघतंय? पोरगी काही तक्रार करायला जाणार नाही."

"जाणारच नाही हो. चौथीत गेल्यावर पुस्तक बदलेल, आणि सगळे म्हणतील, हिला येत होतं, आता लक्ष देत नाही. येत होतं असं मीच लिहून दिलेलं असेल."

"मग काय, अजून एक वर्ष?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "शिकू दे रे तिला. माझ्या डोळ्यांदेखत निवृत्त होऊनच पास होईल."

बाईंनी 'मुलीला वाचता येत नाही' असं लिहून दिलं. कॉलेजने नियमानुसार प्रकल्प पुन्हा करायला सांगितला. वार्षिक अहवाल तोवर छापून झाला होता. लक्षणीय सुधारणा त्यात तशीच राहिली. खोलीत आता चेंडू आणि जाळ्या आहेत. बाई सकाळी पाचवी घेतात आणि शाळा सुटल्यावर जिन्याखालच्या जागेत मुलीला घेऊन बसतात. तिथे जाताना त्यांना वाकावं लागतं.

शिंप्याला सांगणं सगळ्यात जड गेलं. तो दुकानात हेम घालत होता. ऐकून त्याने सुई थांबवली.

"म्हणजे अंधारात वाचत होती, ते वाचणं नव्हतं?"

"नाही."

"तरीच. मला वाटलं, हुशारी असेल."

"हुशारीच आहे ती," बाई म्हणाल्या. "चूक माझी. मी गोष्ट बदलायला हवी होती."

"शेजाऱ्यांना आता काय सांगू?"

याचं उत्तर अभ्यासक्रमात नव्हतं.

आता रोज नवी गोष्ट असते. बाई आधी वाचून दाखवत नाहीत. मुलगी अडखळली की त्या गप्प बसतात, आणि इतक्या गप्प बसतात की कधी कधी मुलगीच त्यांना कोपराने ढोसते. सध्या पत्र्याच्या डब्याची गोष्ट चालू आहे. मुलीला पहिली ओळ वाचता येते. दुसरी अजून येत नाही.