डम्पिंगशेजारचे बाळाराम काका

बाळाराम काका पहिल्यांदा आले ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत विहिरीचं पाणी घेऊन. पाणी कोऱ्या चहासारखं होतं. पनवेलच्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी पाण्याचे नमुने तपासायचे. "बाय, यात भात शिजवला तं चालंल का, यवढंच सांग," ते म्हणाले. मी तपासून 'नाही' म्हटलं. तरी दर दोन-तीन महिन्यांनी ते येत राहिले.

त्यांचं शेत डम्पिंगला लागून होतं. शहराचा कचरा टाकायला गावानं गुरचरणाची जमीन दिली, तेव्हा काका पंच होते. गावाला भाडं मिळेल, रस्ता होईल, असं सांगितलं होतं. रस्ता झालाही. पण कचऱ्याखालून झिरपलेलं काळं पाणी आधी ओढ्यात उतरलं, मग विहिरींत. भात पोचट येऊ लागला. मिळालेलं भाडं पाण्याच्या टँकरवरच संपू लागलं. "कागदावर सही माजीच हाय," हे काका भेटेल त्याला आपणहून सांगत.

डम्पिंगविरुद्धच्या एका सुनावणीला मी पाण्याचा अहवाल घेऊन त्यांच्याबरोबर गेले. "विल्हेवाटीचा हाच सगळ्यांत स्वस्त मार्ग आहे," अधिकारी म्हणाले. काका उठले. "सायेब, स्वस्त तुमाला. उरलेलं आमी भरतोय."

पुढे डम्पिंग बंद झालं. ढिगावर माती पडली, गवत उगवलं. काका उमेदीनं बाटली घेऊन आले. निकाल तोच.

"आजून किती वर्सं?"

"काका, आपल्या हयातीत कठीण आहे."

त्यांनी रिकामी बाटली मागून घेतली.

मग दुसऱ्या एका गावाकडे कचऱ्यासाठी जागेची मागणी झाल्याचं कळलं. काकांना तेव्हा चार पावलांवर धाप लागायची, तरी ते तिथल्या ग्रामसभेला गेले. मला सोबत नेलं. परक्या गावासमोर, खांबाला धरून, त्यांनी स्वतःची चूक सांगितली.

"मग कचरा जाणार कुठं?" एकानं विचारलं.

"आदी घरातच वेगला करा. ओल्याचं खत करा. उरंल त्याचं बगू. पन एकदा पुरलात, का मागारी काडता येत नाय."

सभा निर्णय न होताच उठली. पंधरवड्यात काका गेले.

त्यांच्या दहाव्याला त्या गावची सात-आठ माणसं न बोलावता आली. पिंडाला नमस्कार करून त्यातल्या एका म्हाताऱ्यानं काकांच्या मुलाचा हात धरला. "आमी जागा नाय दिली," तो म्हणाला, "यवढं सांगाया आलो."