टोकणारे डॉक्टर

निघालेल्या माणसाला 'कुठे चाललात?' म्हणून टोकावं ते आमच्या डॉक्टरांनीच! अख्ख्या ठाणे जिल्ह्यात ही विद्या दुसऱ्या कुणाला इतकी साधली नसेल. आपल्याकडे असं विचारू नये, हे शेंबडं पोरही जाणतं. कुणी विचारलंच, तर जाणाऱ्याने माघारी येऊन घटकाभर टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि टोकणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत पुन्हा निघायचं. डॉक्टरांचा दवाखाना बोईसर स्टेशनाच्या वाटेवर. ओसरीवर त्यांची आरामखुर्ची आणि शेजारी एक लांब बाक. ट्रंक घेतलेला माणूस दिसला रे दिसला की यांचा खणखणीत आवाज: "काय, कुठे चाललात?" बिचारा मनातल्या मनात शिव्या हासडत बाकावर येऊन टेकायचा. टेकला की संपलाच! पाण्याचा पेला ओठाला लागेपर्यंत दंडात लशीची सुई गेलेली असायची. त्यांचा कंपाउंडर सांगायचा, "आमी सुई उकळत ठेवायची नि डॉक्टरांनी मानूस टोकायचा. अशी आमची भागीदारी हाय."

आजार अंगात नसतो, वाटेत असतो, असं डॉक्टरांचं ठाम मत. बाकीचे डॉक्टर 'काय होतंय?' म्हणून विचारतात. हे विचारायचे, 'कुठलं पाणी प्यायलात?' तेव्हा पालघरजवळच्या शिरगाव-माहीमची तरणी पोरं बोटीवर खलाशी म्हणून जायची. डोंगरपट्टीतली कुटुंबं पीक निघालं की पोराबाळांसकट वैतरणेकडे रेतीच्या कामाला जायची. आणि आमच्यासारखे घाटावरचे लोक तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर येऊन पडलेले. या सगळ्यांना देवी, पटकी आणि हिवतापातून सोडवायचा मक्ता जणू ब्रह्मदेवाने यांनाच दिला होता. स्वतः मात्र पालघरच्या पुढे सहसा जायचे नाहीत, कारण त्यांना गाडी लागायची! शिरगावची एक म्हातारी त्यांच्यासाठी सुके बोंबील घेऊन यायची. "माजा पोर दुनिया फिरून आला, पन कंदी तापानं पडला नाय. मेल्या, तुजं टोकनं भलं हाय!" डॉक्टर जन्माचे शाकाहारी, बोंबील कंपाउंडरच्या घरी जायचे, पण ते 'मेल्या' ऐकून डॉक्टर दिवसभर खुशीत असायचे.

माझ्या बायकोला, सुमतीला, मात्र हे टोकणं मुळीच खपत नसे. साताऱ्याकडच्या घरात वाढलेली ती. मांजर आडवं गेलं तरी थांबणारी. तिला आठवा महिना होता आणि माहेरून तार आली, आबा अत्यवस्थ आहेत. आई लहानपणीच गेलेली, आबांनीच तिची वेणीफणी करून तिला वाढवलेलं. तिला एकदा त्यांचं तोंड बघायचं होतं, बस्स. आम्ही गाडी गाठायला निघालो. मी दुरूनच डॉक्टरांपुढे हात जोडले, आज नको म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्या चालण्याकडे पाहिलं आणि तरीही विचारलं, "सुमतीबाई, कुठे चाललात?"

ती बाकावर मटकन बसली. "आज तरी गप्प बसायचं होतं हो!"

डॉक्टरांनी तिच्या पावलावर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरून येईना. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे काजवे चमकतात का, असं विचारत त्यांनी रक्तदाब पाहिला आणि त्यांचा चेहराच बदलला. "गाडीत झटके आले तर तुम्हीही जाल आणि बाळही. पालघरच्या दवाखान्यात चला, आत्ता."

"मला आबांना बघायचंय!"

"ठाऊक आहे," ते म्हणाले आणि त्यांनी ट्रंक स्वतः उचलली.

बांधकामावरची जीप मिळाली. वाटेत डॉक्टर खिडकीबाहेर डोकं काढून ओकले, पण तिची नाडी काही सोडली नाही. झटका आलाच, तो दवाखान्याच्या खाटेवर. मुलगी झाली, दोघी वाचल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "गाडीत असतात तर एकही हाती लागली नसती. तुमच्या डॉक्टरांना नमस्कार करा." त्याच आठवड्यात आबा गेले.

दिवसकार्य आटोपून सुमतीची आत्या आमच्याकडे आली. भावाच्या दुःखाने बाई अर्धी झाली होती. पाळण्यात डोकावून म्हणाली, "ही आली आन् माझा भाऊ गेला. पांढऱ्या पायाची हाय पोर." सुमतीला हुंदका आला, तर आत्यानेच दटावलं, "रडू नगंस. बाळंतीण हायस, दूध आटंल."

डॉक्टर तपासायला आलेले होते. ते आत्यासमोर जाऊन बसले. "आत्याबाई, अपशकुनी मी आहे, साऱ्या तालुक्याला विचारा. बापलेकीची भेट मी चुकवली. बोल लावायचा तो मला लावा, या पोरीच्या वाटेला जाऊ नका."

आत्याने खरंच बोल लावला, अगदी पोटभर! डॉक्टर मान खाली घालून ऐकत राहिले. मुलीला मात्र पुन्हा कुणी तसं म्हटलं नाही.

डॉक्टर गेल्याचं कळलं तेव्हा आमची मुलगी लग्नाची झाली होती. सुमती भाजी निवडत होती. ती तशीच बसल्या जागी ओक्साबोक्शी रडायला लागली. मुलगी घाबरली, पाणी घेऊन धावत आली.

"असू दे गं," सुमती म्हणाली. "आबांचं रडायचं राहिलं होतं. आज दोघांचं रडू दे."