काचेच्या वाडग्यातलं वरण

जाळ दिसत नाही आणि अन्न गरम होतं, हे मला पहिल्या दिवसापासून खटकलं. चूल असो, स्टो असो, गॅस असो, समोर काहीतरी पेटलेलं दिसतं. इथं आत एक पिवळा दिवा, गरगर फिरणारी काचेची थाळी आणि भिंतीपलीकडे कुणी पिठाची चक्की चालवावी तसा आवाज. मिनिटभरात वरणातून वाफा येतात, आणि वाडग्याच्या काठाला हात लावावा तर तो नुसता कोमट. मी मुळातच संशयी बाई. फोडलेल्या नारळाची वाटी दोनदा हुंगल्याशिवाय पिशवीत टाकत नाही. वर्गातल्या दोन वह्यांत सारखीच चूक दिसली की आधी बाकांची रांग आठवते. त्यात ही पेटी आमच्या घरात आली ती धाकट्या दिरांच्या हुकमानं.

आमचं घर तुळजापुरातलं, पुजाऱ्यांचं. मी नळदुर्गच्या शाळेत शिकवते. सकाळी नऊच्या एसटीनं निघते, घरी यायला सहा वाजतात. नवरा जाऊन पाच वर्षं झाली, मुलगी शिकायला लातूरला. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. त्यांना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच रीत आहे. आत्या ऐंशीच्या घरात आहेत. पाठ अजून ताठ, कान माझ्यापेक्षा तिखट, आठवण मात्र मधेच दगा देते.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी दुपारी दूध तापत ठेवलं आणि अंगणात वाती वळत बसल्या. दूध उतू गेलं, जाळ विझला, गॅस तसाच सुरू. शेजारणीला वास आला म्हणून निभावलं. पुण्याचे हे धाकटे दीर दुसऱ्या दिवशी हजर. आत्यांना समोर बसवून म्हणाले, "आई, आता दिवसा गॅसला हात लावायचा नाही. वहिनी निघताना सिलेंडर बंद करून जातील. आणखी एकदा असं काही झालं, तर मी तुला पुण्याला घेऊन जाणार. मग माझ्यापुढं कुणाचं चालायचं नाही." आत्यांच्या हातातली वात अर्धीच राहिली. पुण्याला त्या एकदा महिनाभर राहून आल्या होत्या. चौथा मजला, लावलेलं दार, घरातले दोघंही नोकरीला. "बोलाया एक भित व्हती, तीबी परक्याची," असं त्या सगळ्यांना सांगायच्या. इथं मंगळवारी-शुक्रवारी देऊळ आणि रोज गल्लीभर बायकांची खबरबात. ते सगळं आता दिरांच्या त्या एका वाक्यावर लटकलं होतं.

आठवड्याभरात त्यांनी पाठवलेला मायक्रोवेव्ह आला. आमच्या गावात सायकलीपासून जेसीबीपर्यंत कुठलंही यंत्र पूजेशिवाय चालू होत नाही. आत्यांनी त्याच्या दाराला हळदीकुंकू लावलं, नारळ वाढवला आणि आतल्या फिरत्या थाळीवर विडा मांडला: दोन पानं, त्यावर सुपारी, त्यावर रुपयाचं नाणं. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी घ्यायची म्हणून मी काचेच्या पेल्यात पाणी घेतलं. दार उघडलं, विडा दिसला, नमस्कार केला, पेला विड्याशेजारी ठेवला आणि बटण दाबलं. सोबतच्या पुस्तिकेत पहिलीच सूचना होती की आत धातू ठेवू नये. ती मी लाल पेनानं अधोरेखितसुद्धा केली होती. पण ते नाणं मला धातू वाटलंच नाही, ते देवीचं वाटलं.

तडतड करत निळ्या ठिणग्या उडाल्या. मी प्लग ओढला. पेटी वाचली, पानं करपली, थाळीवर काळा डाग पडला.

संध्याकाळी दिरांचा फोन आला. आत नाणं राहिलं होतं, ठिणग्या उडाल्या, असं मी सांगितलं. ते लगेच म्हणाले, "आईनं ठेवलं ना? बघा, म्हणूनच मी म्हणतो." नाणं आत्यांनीच ठेवलं होतं, हे खरंच होतं. बटण कुणी दाबलं ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आत्या दारात उभ्या होत्या. त्या देवघरात गेल्या.

त्या रविवारी मी घरातल्या भांड्यांची झडती घेतली. स्टीलचं सगळं बाद, म्हणजे मांडणीच रिकामी झाली, कारण आमच्याकडे लग्न-मुंजीत आलेलं प्रत्येक भांडं नाव कोरलेलं स्टीलचं. पितळ, तांबं बाद. पाहुण्यांसाठीच्या कपांना सोनेरी काठ, तेही बाद. प्लास्टिकचे डबे उलटे करून बुडावरच्या खुणा चष्मा लावून वाचल्या. ज्याच्यावर मायक्रोवेव्हला चालेल असं लिहिलेलं नाही, तो डबा डाळीलाच बरा. उरलेल्या काचेच्या आणि चिनी मातीच्या चारदोन भांड्यांची परीक्षा घेतली. रिकामं भांडं आणि शेजारी पाण्याचा पेला ठेवून एक मिनिट चालवायचं. पाणी तापलं आणि भांडं गार राहिलं तर पास, भांडंच तापलं तर नापास. शेवटी पास झाला तो एकटा दिरांनीच पाठवलेला जाड काचेचा वाडगा. मी आत्यांना चार गोष्टी शिकवल्या. झाकण घट्ट लावायचं नाही, वाफेला वाट ठेवायची. पेटी रिकामी चालवायची नाही. बाहेर काढल्यावर ढवळायचं, कारण मधे गार आणि कडेला चटका असं होतं. आणि बटण एकच, ज्याच्यावर मी माझी लाल टिकली चिकटवली होती.

एक अडचण होती. या घरात काच आणि चिनी माती जेवायला चालत नाही. पाहुण्यांचे कप वेगळ्या फळीवर असतात आणि आत्या स्वतः जन्मभर फुलपात्रातून चहा प्यायल्या. मी विचारलं, "आत्या, काचेतलं चालेल ना तुम्हाला?"

"चालवायचं म्हटल्यावर चालंल की," त्या म्हणाल्या.

मी ते हो धरलं. सकाळी वाडग्यात वरण-भात कालवून ठेवायचा, दुपारी त्यांनी तो गरम करायचा. पण माझा विश्वास कुठला बसायला! रोज एक वाजता, जेवणाच्या सुट्टीत, मी शिक्षकांच्या खोलीतून फोन करायची. "टिकली दाबा," म्हणायची. फोनवर तो चक्कीसारखा आवाज ऐकायचा, शेवटची शिट्टी ऐकायची, मगच माझा डबा उघडायचा. बरोबरच्या बाई हसायच्या, म्हणायच्या, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं.

महिना झाला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. संध्याकाळी वाडगा धुऊन पालथा घातलेला असायचा. काठाला तुपाचा ओशटपणा नाही, घासणीला हळद नाही. ऐंशी वर्षांच्या बाईनं घासलेलं भांडं इतकं लख्ख? तेवढ्यात लक्षात आलं की आत्यांच्या बांगड्या मनगटावरून सरकून कोपराशी जातायत. पहिला संशय पेटीवर. तिच्यातलं अन्न निसत्त्व होतं असं गल्लीत दोघीतिघींनी सांगितलं होतंच. दुसरा संशय गॅसवर. मी निघताना सिलेंडरच्या बटणावर कुंकवाची बारीक रेघ ओढून जाऊ लागले. संध्याकाळी रेघ जागच्या जागी. तिसरा संशय दिरांवर, की मुद्दाम असली पेटी पाठवली, म्हणजे आईचं बिनसेल आणि न्यायला निमित्त मिळेल. कुठंतरी पाणी मुरत होतं, एवढं नक्की.

मग एक दिवस शाळा लवकर सुटली. बारा वाजताच सुट्टी जाहीर झाली, मिळाली ती गाडी पकडून मी एकच्या सुमारास गल्लीत पोचले. घरात न शिरता बाजूच्या बोळातून स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले आणि तिथूनच फोन लावला. स्वतःच्याच घराच्या खिडकीखाली चोरासारखी उभी राहून मी म्हणाले, "आत्या, टिकली दाबा."

त्यांनी टिकली दाबली. पदर नाकाला लावून लांब उभ्या राहिल्या. शिट्टी वाजल्यावर "झालं ग," असं मला सांगून फोन ठेवला. मग फडक्यानं वाडगा धरून बाहेर काढला, चमच्यानं ढवळत निववला आणि मागच्या दाराशी गेल्या. तिथं गल्लीतली एक तांबडी गाय वाट बघत उभी होती. आत्यांनी सगळा वरण-भात तिच्या पाटीत ओतला. गायीनं पाटी चाटली, आत्यांनी वाडगा राखेनं घासला, हातपाय धुतले आणि सकाळची गार भाकरी स्टीलच्या ताटात घेऊन बसल्या. शेंगाचटणी, भाकरी, पाणी. वरचे दात नाहीत, म्हणून भाकरी पाण्यात बुडवून.

माझं डोकं फिरलं. मी दारातून आत गेले ती ओरडतच. "महिनाभर मला फसवलंत! मी तिकडं जीव टांगणीला लावून बसते आणि तुम्ही गायीला जेवू घालता?"

आत्या दचकल्या नाहीत. घास गिळून म्हणाल्या, "काचंला लागल्यालं अन्न माझ्या घशाखाली उतरत न्हाय. चार दिस बघितलं, उलटी व्हती."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस? त्याला फोन केला असतास, म्हातारी खात न्हाय म्हनून. नाण्याचंबी सांगितलंस की."

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"बटन तू दाबलं व्हतंस," त्या म्हणाल्या. "म्या ऐकत व्हते. आन् पल्याडच्या बाईला म्हनलीस, ह्या पुण्याला गेल्या तर म्या नळदुर्गलाच खोली करीन, रोजची एसटी चुकंल. तेबी ऐकलंय."

हे खरं होतं. ओट्यावर निवडत बसल्या बसल्या मी ते बोलले होते, एकदा नव्हे, दोनदा. इतके दिवस मी पेटीवर संशय घेतला, गॅसवर घेतला, दिरांवर घेतला. आणि या घरात जिच्यावर खरंच नजर ठेवायला हवी, ती मी आहे, हे आत्यांनी कधीच ओळखलं होतं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, तसा तोही आला. मी त्यांच्या ताटातली भाकरी उचलली, गॅस पेटवून गरम वरण केलं आणि पितळी वाटीत वाढलं. आम्ही दोघी जेवलो.

काच चालत नाही, गॅस द्यायचा नाही, आणि मी एक वाजता नळदुर्गला. दुसऱ्या दिवशी मी पत्रावळी आणायला गेले, तर बाजारात सगळ्या आतून चकचकीत चंदेरी. तो चंदेरी कागद आत गेला की नाण्याचाच तमाशा पुन्हा. देवळाच्या वाटेवर पूजेचं सामान विकणाऱ्या बाईंकडे केळीची पानं दिसली, ती घेऊन आले. केळीच्या पानावर आमच्या घरात नैवेद्य दाखवतात, त्याला विटाळ नाही. मी आत्यांना विचारलं, "वाडग्यात आतून पान बसवलं आणि अन्न काचेला लागलंच नाही तर?"

आत्यांनी पान उलटंसुलटं करून बघितलं. "पान आखंड पायजे. चिरल्यालं न्हाय."

मी आधी त्या समोर असताना तीन वेळा करून बघितलं, कारण पान पेटणार नाही याची मला खात्री नव्हती. पान ओलं, वरण-भात ओला, एक मिनिट. पानाचा रंग काळपट हिरवा झाला, बाकी काही नाही. वाफेला पानाचा वास आला. आत्यांनी पान तसंच्या तसं उचलून ताटात ठेवलं आणि पहिला घास घेतला. त्या दिवसापासून त्या जेवू लागल्या.

पण माझ्याशी बोलणं कामापुरतंच. फोनवर शिट्टी ऐकवायच्या आणि न विचारता सांगायच्या, "खाल्लं. गाय न्हाय आली." त्यात टोमणा होता, आणि तो मला लागायचा. त्यांना जेवण मिळालं होतं, भरवसा मिळाला नव्हता. मी कधीही एक फोन करीन आणि गाडी दाराशी येईल, हेच त्यांच्या डोक्यात.

रविवारी दुपारी मी माजघरात उभं राहून दिरांना फोन लावला आणि मुद्दाम मोठ्यानं सगळं सांगितलं. फोन ठेवून वळले तर आत्या देवघराच्या उंबऱ्यावर.

"लागला व्हता का खरंच?" त्यांनी विचारलं. "का नुसतं मला ऐकवाया?"

माझा संताप झाला. मग वाटलं, त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. मी पुन्हा दिरांचा नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"तुझी वहिनी आत्ता काय म्हनली, सांग मला," आत्या म्हणाल्या.

"आई, काय झालं? वहिनी म्हणाल्या, तू तिथंच राहायचं. त्यांना तू तिथं हवी आहेस."

"आनखी?"

"ते नाण्याचं. बटण त्यांनी दाबलं होतं, तुझी चूक नव्हती."

"आनखी?"

"एवढंच गं," दीर घाईनं म्हणाले.

आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला तिथंच थांबता आलं असतं. मी म्हणाले, "सांगा भाऊजी, सगळं सांगा."

"म्हणाल्या," दिरांचा आवाज उतरला, "तू पुण्याला गेलीस तर बरं होईल, असं त्यांच्या मनात होतं. बरेच दिवस होतं."

आत्यांनी फोन माझ्या हातात परत दिला.

"मंग खरं हाय," त्या म्हणाल्या. "ऱ्हाते म्या."