आगरदांड्याचा रिव्हर्स

छत्तीस वर्षं मी शाळेत भूमिती शिकवली. कोन, स्पर्शिका, समांतर रेषा यांच्याशी माझं कधी वाकडं आलं नाही. निवृत्त झाल्यावर गाडी घेतली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी चालवायला शिकलो. सरळ मी चांगली चालवतो. हे माझी बायकोसुद्धा मान्य करते, आणि ती सहसा माझं काही मान्य करत नाही. अडचण फक्त गाडी उलटी घेण्याची होती, आणि माझी सासुरवाडी नेमकी अशा ठिकाणी आहे की उलटं गेल्याशिवाय तिथे पोचता येत नाही.

अलिबागहून निघून मुरूडच्या पुढे आगरदांड्याच्या धक्क्यावर यायचं, फेरीबोटीने खाडी ओलांडून दिघीला उतरायचं, की पुढे अर्ध्या तासावर सासूबाईंचं गाव. आमची ही फेरीबोट एकाच बाजूने उघडते. पलीकडे गाडी सरळ उतरावी म्हणून अलीकडे ती उलटी चढवावी लागते. धक्का उतरता, खालचा भाग कायम ओला, दोन्ही बाजूंना पाणी, आणि बोटीचा लोखंडी रॅम्प लाटेबरोबर वरखाली होत असतो. रांगेतल्या गाड्या, मोटरसायकलवाले, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका आणि काही काम नसलेली चार माणसं आपल्याकडेच बघत असतात.

पहिल्या वेळी मी प्रयत्न केला. गाडी धक्क्यावर आडवी झाली आणि तशीच राहिली. पुढे जाईना, मागे जाईना. मग बोटीवरचा खलाशी आला. चाळिशीचा, दणकट, अंगाला डिझेलचा वास. त्याने दार उघडलं आणि अगदी आदराने म्हणाला, "सर, तुमी उतरा. चावी र्‍हाऊ द्या तिथंच." त्याने एका दमात गाडी नेऊन बोटीवर ठेवली. मी मागून चालत गेलो. छत्तीस वर्षांत कितीतरी मुलांना मी वर्गाबाहेर उभं केलं असेल. त्यांना काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

हे एवढ्यावरच थांबलं असतं तर बरं होतं. पण सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. त्या ऐंशीच्या, मेहुणा आखातात नोकरीला, म्हणून त्यांना अलिबागच्या डॉक्टरांकडे आणणं-पोचवणं माझ्याकडे आलं. डॉक्टर दर वेळी रक्त तपासून म्हणायचे, "आजी, साखर खाली आणा, मग ऑपरेशन करू." सासूबाई मान डोलवायच्या, गावी जायच्या आणि साखर आणखी वर घेऊन यायच्या. वर्षभर हेच चाललं. प्रत्येक वेळी खाडी आणि प्रत्येक वेळी तोच खलाशी.

पहिल्या खेपेलाच एक गोष्ट घडली. खलाशी गाडी चढवत होता, सासूबाई मागच्या सीटवर होत्या आणि मी बाहेरून मागच्या खिडकीला हात लावून शेजारून चालत होतो. गाडी थांबली तशा आतून सासूबाई म्हणाल्या, "काय हात हाय! पोटातलं पानी हाललं न्हाय."

मी खिडकीतून आत वाकलो आणि म्हणालो, "सवय झालीय, आई."

हे वाक्य माझ्या तोंडून का निघालं ते मला अजूनही सांगता येत नाही. खलाशी माझ्याकडे बघून हसला. बायकोने कपाळाला हात लावला. सासूबाई मात्र समाधानाने पुढे बघत बसल्या. मग दर खेपेला तेच होऊ लागलं. तो गाडी चढवायचा, त्या शाबासकी द्यायच्या आणि मी ती खिडकीतून घ्यायचो.

शेवटी एकदाची साखर उतरली. एक डोळा झाला, पंधरा दिवसांनी दुसरा झाला. डॉक्टर म्हणाले, "महिन्या-दीड महिन्यात चष्मा देतो. सुईत दोरा ओवाल." चष्मा मिळेपर्यंत सासूबाई आमच्याकडेच राहणार होत्या. सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर माझ्या लक्षात आलं की दीड महिन्याने या बाई लख्ख डोळ्यांनी आगरदांड्याच्या धक्क्यावर येणार आहेत.

"सांगून टाका आईला," बायको म्हणाली. "हसेल आणि विसरेल."

"तुझी आई विसरते?"

आमच्या लग्नात माझ्या काकांनी श्रीखंड तीनदा मागितलं होतं, हे सासूबाई अजून सांगतात.

माझी मुलगी पुण्यात असते. तिला फोनवर सगळं सांगितलं. आधी ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, "बाबा, घरीच सिम्युलेटर लावा. कॉम्प्युटरवरची गाडी असते, पण चालवायची खरीच. हवा तेवढा रिव्हर्स घ्या, कोणी बघत नाही." कोणी बघत नाही, हे मला फार पटलं. तिने तिचा जुना कॉम्प्युटर पाठवला. त्यात एक गेम होता, गेममध्ये एक बंदर होतं, आणि बंदरावर गाडी उलटी चढवायची बोटसुद्धा होती.

आता हातात काय धरायचं, हा प्रश्न होता. बाजारातल्या दुकानदाराने दोन खोकी पुढे ठेवली, एकात स्टिअरिंग आणि एकात जॉयस्टिक. मी जॉयस्टिक उचलली. ती सरळ दांड्यासारखी उभी होती. मी विचार केला, आपल्याला मागे जायचं आहे. दांडा मागे ओढला की गाडी मागे जाणार. याहून सरळ सिद्धता कुठली? दुकानदार म्हणाला, "काका, एकदम पायलट दिसता." तो असं म्हणाला नसता तरी मी तीच घेतली असती, पण इतक्या पटकन नसती घेतली.

मुलीच्या रिकाम्या खोलीत मी दार लावून बसलो. दांडा मागे ओढला. गाडी मागे गेली, धक्का सोडून गेली, समुद्रात पडली. डुबुक् असा मोठा आवाज झाला. बाहेर हॉलमध्ये काळा चष्मा लावून बसलेल्या सासूबाई लेकीला म्हणाल्या, "अगो, टाकी भरून वाहायला लागली बघ."

"बंद करते हं, आई," बायको म्हणाली आणि जागची हलली नाही.

त्या आठवड्यात आमची टाकी दिवसातून वीस वेळा भरून वाहिली. मला वाटलं जॉयस्टिक हलकी आहे. दुकानात जाऊन ती बदलली आणि जड बैठकीची आणली. आता गाडी जास्त जोरात पाण्यात पडू लागली. मुलीने फोनवर विचारलं, "बाबा, जॉयस्टिक विमानासाठी असते. तुमच्या गाडीला स्टिअरिंगच्या जागी दांडा आहे का?" मी तिला म्हणालो की उद्धटपणा करू नकोस. दुसऱ्या दिवशी जाऊन स्टिअरिंग आणलं.

स्टिअरिंग घट्ट बसायला जड टेबल लागतं. घरात सगळ्यात जड वस्तू बायकोचं शिलाई मशीन. त्याच्या फळीला ते आवळलं आणि ब्रेक-ॲक्सिलरेटर खाली मांडले. पहिल्याच दिवशी घाईत मशीनच्याच पायडलवर पाय पडला. गाडी थांबली नाहीच, वर सुई खालीवर होऊ लागली.

मग खुर्ची. ओळखीचा एक माणूस किहीमकडे एका बंगल्याची देखभाल करतो. तिथल्या मालकांनी गेम खेळायची एक खुर्ची काढून टाकली होती, लाल-काळी, उंच पाठीची, डोक्याजवळ दोन मोठे कान असलेली. ती मला फुकट मिळाली. बसायला झकास होती, पण तिला चाकं होती. ब्रेक दाबला की पडद्यावरची गाडी थांबायची आणि मी खुर्चीसकट मागे जाऊन पलंगाला आपटायचो. त्या खोलीत उलटी आणि सरळ रेषेत जाणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे मी. चाकांखाली विटा लावल्या. तेव्हा दुसरी गोष्ट ध्यानात आली. गाडी उलटी घेताना मी डावा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकतो आणि मागे वळून बघतो. शिकवणाऱ्याने मला तसंच शिकवलं होतं. इथे शेजारी सीटच नव्हती, आणि वळलं की खुर्चीचा कान नाकाशी यायचा.

मी अर्धवट काम करणारा माणूस नाही. भंगारवाल्याकडे गेलो आणि आमच्याच गाडीच्या जातीच्या दोन सीट शोधल्या, चालकाची आणि शेजारची. सुताराकडून त्या एका फळीवर ठोकून घेतल्या. अंतर टेपने मोजून, सुताचाही फरक नाही. बायको म्हणाली, "मी तीन वर्षं सोफा मागतेय. त्याचं हे काय झालं?" पण एकदा बसली आणि गुडघ्यांना बरं वाटलं म्हणून रोज तिथेच बसून मेथी निवडू लागली.

आता डावा हात बरोबर पडत होता. मान वळवली तर मागे कपड्यांचं कपाट. पडदा समोर, आणि मी बघत होतो कपाटाकडे. यावर एकच उपाय होता. मी कॉम्प्युटरचा पडदा उचलून मागे कपाटापाशी ठेवला. मुलीने गेममध्ये मागचं दिसेल अशी सोय करून दिली. दुकानदार वायर द्यायला घरी आला तेव्हा आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून बसलो होतो आणि माना मोडून मागचा पडदा बघत होतो. तो वायर ठेवून लगेच गेला.

एकदा सासूबाई काठी टेकत दारात आल्या. "काय चाललंय?"

"शाळेचं काम, आई."

"बरं, बरं." त्यांनी कोपऱ्यात पडलेली जॉयस्टिक हातात घेतली, चाचपली. "ह्या बत्त्यानं आलं चांगलं ठेचलं जाईल." मग त्या दोन सीटांना वळसा घालून, काठी कुठेही न अडखळता परत गेल्या. मी ते बघूनही त्याचा अर्थ लावला नाही.

पाचव्या आठवड्यात मला जमलं. दहापैकी दहा वेळा गाडी बोटीवर, तीही बोटीच्या कडांना समांतर. टाकी वाहायची थांबली. त्याच आठवड्यात सासूबाईंना चष्मा मिळाला.

पोचवायला निघालो त्या दिवशी अलिबागपासून त्यांनी रस्त्यावरची एक पाटी सोडली नाही. दुकानांच्या, देवळांच्या, जागा विकणे आहे अशा सगळ्या पाट्या मोठ्याने वाचल्या. आगरदांड्याला नंबर लागला तसा खलाशी सवयीने आला आणि दाराला हात घातला. मी नको म्हणून मान हलवली. त्याने माझ्याकडे पाहिलं, काय ते समजला आणि बाजूला झाला. तो बाजूला झाला म्हणून सगळा धक्का बघायला लागला.

मी डावा हात बायकोच्या सीटवर टाकला आणि मागे वळलो. मागच्या सीटच्या बरोबर मधे, नवा चष्मा लावून, सासूबाई थेट माझ्या डोळ्यांत बघत होत्या.

मागची काच त्यांच्यामागे होती. मला बोट दिसत नव्हती, रॅम्प दिसत नव्हता, फक्त सासूबाई दिसत होत्या. महिनाभर मी पुढच्या दोन सीटांचा विचार केला होता. मागची सीट मी भंगारातून आणलीच नव्हती.

तरी गाडी मागे घेतली. ती तिरकी गेली. बाहेरून खलाशी ओरडला, "सर, थांबा, थांबा!" मी ब्रेक मारला. मागचं चाक धक्क्याच्या कडेपासून हातभर होतं. रांगेतून हॉर्न सुरू झाले.

"आई," मी म्हणालो, "जरा बाजूला सरकता का? मागचं दिसत नाही."

"सरकते की. आधी सांगायचं," सासूबाई सरकत म्हणाल्या. "त्याला कधी सांगावं लागलं न्हाय. तो आरशात बघतो."

"कोण?" मी विचारलं.

"कोन म्हंजे? बाहेर उभा हाय तो. वर्सभर तोच तर चढवतोय." त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. "मला मोतीबिंदू झालेला, जावईबापू. मी आंधली न्हवते. आनि तुमच्या अंगाला कधी डिझेलचा वास येतो?"

बायकोने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते.

"मग ती शाबासकी..."

"त्याला देत होते. तुमीच खिडकीतून मधी बोलायचात."

इतकी लाज मला भर वर्गात फळ्यावर चुकल्यावरही वाटली नव्हती. पण खरं सांगतो, त्याच क्षणी हातातला ताठपणा गेला. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. हॉर्न वाजत होते तर वाजू देत. मी गाडी पुढे घेतली, सरळ केली. मागे वळलो नाही. आरशात पाहिलं. आरशात बोटीच्या दोन्ही कडा दिसत होत्या, डावी आणि उजवी, वहीत आखल्यासारख्या. गाडी सावकाश उतरली, रॅम्पच्या तोंडाला मागचं चाक धाडकन आपटलं, आम्ही तिघं उडालो आणि बोटीवर आलो. थोडी तिरकीच. खलाशाने चाकाखाली लाकडाचा ठोकळा सरकवला आणि टपावर थाप मारली. "आली, सर."

मी इंजिन बंद केलं. चावी स्वतः काढून खिशात ठेवली. बोट सुटली तरी मागून शाबासकी येईना, तेव्हा मला राहवेना.

"पोटातलं पाणी हललं का, आई?"

"हाललं. सगलं हाललं." मागून त्यांचा हात आला आणि माझ्या खांद्यावर बसला. "पन बरं झालं. गावात मी वर्सभर सांगत आले, जावईच गाडी बोटीवर चढवतात म्हनून. आता मला खोटं बोलाया नको."